नितळ पाणी आणि तरीही मरणारे मासे: घरच्या टाकीतला फिल्टर नेमकं काय करतो?

नवी टाकी घरी येते. वाळू, झाडं, दिवा, फिल्टर, सगळं जागच्या जागी लागतं. पाणी इतकं नितळ असतं की मागच्या काचेवर चिकटवलेलं चित्र स्पष्ट दिसतं. मासे सोडल्यावर पहिले तीन-चार दिवस छान जातात. मग एक मासा कोपरा धरून बसतो, दुसरा वर येऊन सारखी तोंडाची उघडझाप करू लागतो, आणि दोन आठवड्यांत निम्मे मासे गेलेले असतात. पाणी मात्र अजूनही तसंच नितळ. मग घरात म्हटलं जातं की मासेच कमजोर होते, किंवा दुकानदाराने फसवलं.

मासे कमजोर नसतात. त्यांना मारणारी गोष्ट पाण्यात विरघळलेली असते, म्हणून ती डोळ्यांना दिसत नाही आणि कुठल्याही स्पंजला अडत नाही. फिल्टरने कचरा अडवणं हे त्याचं दुय्यम काम आहे. मुख्य काम म्हणजे काही विशिष्ट जिवाणूंना राहायला पृष्ठभाग देणं आणि त्यांच्यावरून प्राणवायूयुक्त पाणी सतत वाहतं ठेवणं. हे एकदा लक्षात आलं की फिल्टर कोणता घ्यावा, कधी धुवावा, वीज गेल्यावर काय करावं, या प्रश्नांची उत्तरं आपोआप सुचू लागतात.

एक ग्रॅम खाद्याचा हिशोब

आपल्याकडे सर्रास दिसणारी टाकी घेऊ: दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. ती काठोकाठ भरली तर ५६ लिटरच्या आसपास पाणी बसतं. वाळू आणि वरची मोकळी जागा वजा करून हिशोबाला सोपं म्हणून ५० लिटर धरू. त्यात दोन मध्यम आकाराचे गोल्डफिश आहेत आणि त्यांना दिवसाला १ ग्रॅम दाणे टाकले जातात, ज्यात ४० टक्के प्रथिनं आहेत.

प्रथिनांमध्ये नायट्रोजन असतो. मासा प्रथिनं पचवतो तेव्हा त्यातला बराचसा नायट्रोजन अमोनियाच्या रूपात बाहेर टाकतो. मत्स्यशेतीत यासाठी एक साधं सूत्र वापरतात: खाद्याचं वजन गुणिले प्रथिनांचं प्रमाण गुणिले ०.०९२. आपल्या १ ग्रॅम दाण्यांमधून या सूत्राने रोज सुमारे ३७ मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजन (म्हणजे अमोनियातल्या फक्त नायट्रोजनचं वजन) निघतो. ५० लिटर पाण्यात वाटला तर दिवसाला लिटरमागे जवळपास ०.७ मिलिग्रॅम. काहीच केलं नाही तर आठवड्यात हा आकडा ५ मिलिग्रॅमपर्यंत जातो.

यातला बहुतेक अमोनिया विष्ठेतून येत नाही. मासा तो थेट कल्ल्यांतून पाण्यात सोडतो, श्वास घेता घेता, दिवसरात्र. त्यामुळे तळाची घाण रोज नळीने ओढून काढली, स्पंज रोज पिळला, तरी अमोनिया पाण्यात येतच राहणार. उरलेले दाणे आणि विष्ठा कुजून त्यात भर घालतात, पण त्या दोन्ही गोष्टी नसत्या तरी प्रश्न तिथेच असता.

पाण्यात गेलेला अमोनिया दोन रूपांत राहतो. एक रूप अमोनियमचं, जे माशांना तुलनेनं कमी त्रास देतं. दुसरं मुक्त अमोनियाचं, जे कल्ल्यांची नाजूक त्वचा जाळतं. कुठलं रूप किती, हे पाण्याचा पीएच (पाणी किती आम्लधर्मी किंवा अल्कधर्मी आहे याचा आकडा, ७ म्हणजे मधला) आणि तापमान ठरवतात. २८ अंश तापमानाला पीएच ७ असेल तर एकूण अमोनियापैकी फक्त ०.७ टक्के मुक्त रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा साडेसहा टक्क्यांवर जातो, आणि ८.५ ला १८ टक्क्यांवर. मुक्त अमोनिया लिटरमागे ०.०२ ते ०.०५ मिलिग्रॅम इतका कमी असला तरी दीर्घकाळात माशांना इजा करतो. म्हणून एकाच गावात, एकाच दुकानातून आणलेले मासे तलावाच्या मऊ पाण्यावर तग धरतात आणि बोअरच्या जड, अल्कधर्मी पाण्यात आठवड्यात दगावतात, असं घडू शकतं.

अमोनिया खाणारे जिवाणू

निसर्गात नदी-तळ्यांतही मासे अमोनिया सोडतातच. तिथे पाणी अफाट असतं, वनस्पती असतात, आणि दगडगोट्यांवर, चिखलावर, पानांवर एका बुळबुळीत थरात राहणारे जिवाणू असतात. त्यांतले काही अमोनियाचं नायट्राइट करतात आणि त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेवर जगतात. दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. या सगळ्या प्रक्रियेला नायट्रीकरण म्हणतात.

मधला टप्पा धोक्याचा आहे. नायट्राइट कल्ल्यांतून रक्तात शिरतं आणि हिमोग्लोबिनचं रूप बदलून टाकतं, मग ते प्राणवायू वाहून नेऊ शकत नाही. रक्त तपकिरी दिसू लागतं. पाण्यात भरपूर प्राणवायू असूनही मासा गुदमरतो आणि पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडतो. इथे साधं मीठ कामी येतं. मिठातलं क्लोराइड आणि नायट्राइट दोन्ही कल्ल्यांतून एकाच वाटेने आत जातात. क्लोराइड जास्त असलं की नायट्राइटला आत जायला जागा उरत नाही. लिटरमागे अर्धा ते एक ग्रॅम मीठ एवढं बहुतेक गोड्या पाण्यातल्या माशांना सहज सोसतं. पाणवनस्पती आणि कॅटफिश असतील तर कमीकडे झुकावं. अर्थात हा तात्पुरता उपाय आहे, नायट्राइट त्याने नाहीसं होत नाही.

हे जिवाणू वेगळे काढण्याचं श्रेय सर्गेई विनोग्राद्स्की या शास्त्रज्ञाकडे जातं. १८९० मध्ये झुरिकमध्ये काम करताना त्याने दाखवून दिलं की असे सूक्ष्मजीव अमोनिया किंवा नायट्राइटवर जगतात आणि शरीर बांधायला लागणारा कार्बन कार्बन डायऑक्साइडमधून घेतात. त्यानंतर शंभर वर्षं पुस्तकांत मुख्यतः दोनच नावं लिहिली जात होती, नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर. १९९८ मध्ये घरगुती टाक्यांचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की नायट्राइट संपवण्याचं काम तिथे मुख्यतः नायट्रोस्पिरा नावाचे वेगळेच जिवाणू करतात. २०११ मध्ये कळलं की गोड्या पाण्याच्या टाक्यांच्या फिल्टरमध्ये अमोनियाचं काम बऱ्याचदा आर्किया या, जिवाणूंहून वेगळ्या गटातले सूक्ष्मजीव करतात. आणि २०१५ मध्ये असे नायट्रोस्पिरा सापडले जे अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचा सगळा प्रवास एकट्याने पूर्ण करतात. त्यांतला एक शोध नेदरलँड्समधल्या नाइमेखेन इथे लागला, आणि तो मत्स्यपालनाच्या फिरत्या पाण्याच्या फिल्टरमधूनच लागला. घराच्या कोपऱ्यातल्या स्पंजमध्ये काय चाललंय हे विज्ञानालाही अलीकडे उमगू लागलंय, याचं मला फार अप्रूप वाटतं.

या जिवाणूंच्या दोन सवयी आपल्या कामाच्या आहेत. पहिली, ते पाण्यात मोकळे फार कमी असतात, बहुतेक कशाला तरी चिकटून राहतात. म्हणून टाकीतलं निम्मं पाणी बदललं तरी त्यांचं फारसं नुकसान होत नाही, पण स्पंज फेकून दिला तर ते जवळजवळ संपतात. दुसरी, ते अतिशय सावकाश वाढतात. अन्न नासवणारे साधे जिवाणू अर्ध्या तासाच्या आत दुप्पट होऊ शकतात. यांना तेवढ्यासाठी चांगल्या परिस्थितीतही अर्धा ते एक दिवस लागतो.

त्यांना काय लागतं

पृष्ठभाग लागतो, हे सगळे सांगतात. स्पंज, सिरॅमिक रिंग, लावा खडक यांच्या बारीक छिद्रांमध्ये तो भरपूर मिळतो. दुकानात मिळणारे काटेरी प्लॅस्टिकचे बायो बॉल मात्र वरून पाणी ठिबकत असलेल्या मोठ्या फिल्टरसाठी बनले होते. पाण्यात बुडवून ठेवले तर तेवढ्याच जागेतला साधा स्पंज त्यांच्यापेक्षा सरस काम करतो, आणि स्वस्तही पडतो.

प्राणवायूबद्दल मात्र कमी बोललं जातं. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचं नायट्रेट करायला ४.५७ ग्रॅम प्राणवायू खर्च होतो. आपल्या टाकीतल्या ३७ मिलिग्रॅमसाठी रोज १७० मिलिग्रॅम. २८ अंशाला पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ७.८ मिलिग्रॅमच प्राणवायू विरघळू शकतो, म्हणजे ५० लिटरमध्ये एका वेळी ३९० मिलिग्रॅम. माशांनी स्वतः घेतलेला प्राणवायू वेगळाच, फक्त हे जिवाणूच दिवसभरात त्या साठ्याच्या चार दशांशाहून जास्त ओढतात. हवेतून तो सतत भरून निघतो म्हणून टाकी चालते. तो भरून निघतो पृष्ठभागातून. वर येणाऱ्या बुडबुड्यांचा मोठा उपयोग हाच की ते पाणी ढवळतात आणि तळाचं पाणी वर आणतात. फिल्टरमधून पडणाऱ्या पाण्याने पृष्ठभाग चांगला हलत असेल तर वेगळे बुडबुडे नसले तरी चालतं. विदर्भात मे महिन्यात टाकीचं पाणी ३३-३४ अंशांवर गेलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि माशांना व जिवाणूंना मात्र जास्त लागतो. उन्हाळ्यात मासे दगावण्यामागे ही दुहेरी ओढाताण असते. अशा वेळी खाद्य निम्म्यावर आणणं हा सगळ्यात लवकर लागू पडणारा उपाय.

तिसरी गरज सगळ्यात दुर्लक्षित आहे: पाण्यातली बायकार्बोनेट, म्हणजे आम्ल रिचवण्याची पाण्याची ताकद. नायट्रीकरणात आम्ल तयार होतं. १ ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे ७.१४ ग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटइतकी क्षारता खर्ची पडते. आपल्या टाकीत हे रोज लिटरमागे ५ मिलिग्रॅमच्या थोडं वर भरतं. तुमच्या नळाच्या पाण्यात ही क्षारता लिटरमागे ५० मिलिग्रॅम असेल, तर पाणी न बदलल्यास दहा दिवसांत ती संपली. मग पीएच घसरू लागतो, आणि साडेसहाच्या खाली जिवाणूंचं काम मंदावत जातं. मुंबईत सह्याद्रीतल्या धरण-तलावांचं मऊ पाणी येतं, तिथे हा धोका खरा आहे. देशावरच्या काळ्या पाषाणातून येणारं बोअरचं पाणी जड असतं, तिथे क्षारता सहसा संपत नाही, पण पीएच वरचा असल्याने अमोनिया जास्त जहाल ठरतो.

यातून एक फसवा प्रसंग उभा राहतो. महिनोन्‌महिने पाणी न बदललेल्या टाकीचा पीएच सहापर्यंत उतरलेला असतो. जिवाणू थंडावलेले असतात, अमोनिया साचलेला असतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असल्याने मासे कसेबसे तगून असतात. मग एका रविवारी कोणीतरी मनावर घेऊन निम्मं पाणी काढतं आणि पीएच आठचं ताजं पाणी भरतं. पीएच चढतो, साचलेल्या अमोनियमचं मुक्त अमोनियात रूपांतर होतं, आणि संध्याकाळपर्यंत मासे आडवे. त्यावरून "पाणी बदललं की मासे मरतात" अशी समजूत पक्की होते आणि पुढच्या टाकीचं पाणी आणखीच कमी बदललं जातं. अशी जुनी टाकी हाती आली तर रोज बादलीभर पाणी बदलत आठवडाभरात ताळ्यावर आणावी, एका दिवसात नाही.

गढूळ पाण्यात तुरटी फिरवायची सवय आपल्याकडे घराघरांत आहे. टाकीत ती नको. तुरटीने गाळ बसतो खरा, पण तीही हीच क्षारता खाऊन टाकते. आरओचं पाणी टाकीत भरणाऱ्यांच्या बाबतीत तर क्षारता मुळातच नसते. मऊ पाणी असेल तर समुद्रकिनाऱ्यावरचे रिकामे शिंपले स्वच्छ धुऊन, उकळून, जाळीच्या पिशवीत फिल्टरमध्ये ठेवावेत. पाणी आम्लधर्मी होऊ लागलं की ते हळूहळू विरघळतात आणि क्षारता भरून काढतात.

कोणता फिल्टर घ्यावा

माझं मत ठाम आहे: दोन फुटी टाकीसाठी एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर पुरतो, आणि नवख्याने तोच घ्यावा. नळीतून हवा खाली जाते, उभ्या नळकांड्यातून बुडबुडे वर चढतात, त्यांच्याबरोबर पाणीही वर खेचलं जातं, आणि त्या जागी स्पंजच्या छिद्रांतून नवं पाणी आत येतं. फिरणारा एकही भाग पाण्यात नाही. लहान पिल्लं ओढली जात नाहीत. पृष्ठभागही ढवळला जातो. पंप फार तर तीन ते पाच वॉट वीज खातो. पंप मात्र पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, किंवा नळीत उलट प्रवाह अडवणारा व्हॉल्व्ह बसवा. नाहीतर वीज गेली की टाकीतलं पाणी नळीतून उलटं येऊन पंपात आणि जमिनीवर उतरतं.

काचेवर टांगायचे हँग-ऑन फिल्टर आणि झाकणात बसणारे टॉप फिल्टर चांगलेच असतात, पाणी वरून पडत असल्याने प्राणवायूही मिळतो. मोठ्या टाकीला आणि घाण जास्त करणाऱ्या माशांना कॅनिस्टर, म्हणजे टाकीबाहेर ठेवायचा बंद डब्याचा फिल्टर. खडीखाली जाळीदार पट्ट्या ठेवून चालणारा अंडरग्रॅव्हल फिल्टर एकेकाळी घरोघरी होता. तत्त्व उत्तम, कारण सगळी खडीच जिवाणूंची होते, पण खाली साचणारा गाळ काढायला टाकी उपसावी लागते.

पंपाच्या खोक्यावर ताशी ६०० लिटर लिहिलेलं असतं ते उंची शून्य आणि स्पंज कोरा असतानाचं. पाणी वर चढवायला लागलं, स्पंजमध्ये गाळ भरला, की आकडा बराच उतरतो. साधारण नियम असा की टाकीतलं पाणी तासाला चार ते सहा वेळा फिल्टरमधून जावं. लांब परांच्या बेट्टा माशाला हा जोर सोसत नाही, त्याला कमी प्रवाह द्यावा.

आत काय कशाच्या आधी ठेवायचं याचा क्रम एकच: पाणी आधी जाड स्पंजमधून, मग बारीक स्पंज किंवा पांढऱ्या फिल्टर कापसातून, मग सिरॅमिक रिंगमधून. उलटं लावलं तर रिंगची छिद्रं गाळाने बुजतात. ॲक्टिव्हेटेड कार्बन रंग, वास आणि औषधांचे अंश शोषतो, अमोनिया नाही, आणि काही आठवड्यांत त्याची क्षमता संपते. माशांना औषध दिलं असताना तो काढून ठेवावा, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो. यूव्ही दिवा हिरव्या पाण्यावर चालतो, अमोनियावर त्याचा काहीही परिणाम नाही.

धुण्याची पद्धत

मासे पाळण्याच्या आपल्या पद्धतीतली सगळ्यात घातक प्रथा म्हणजे महिन्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून धुणं. मासे बादलीत काढायचे, वाळू चोळून धुवायची, स्पंज नळाखाली पांढरा होईपर्यंत पिळायचा, काचा साबणाने घासायच्या आणि ताजं पाणी भरायचं. टाकी नवीकोरी दिसते. खरोखरच ती नवीकोरी होते, म्हणजे जिवाणूंशिवायची. पुढचे दोन-तीन आठवडे मासे स्वतःच्या अमोनियात काढतात, आणि सावरतात न सावरतात तोच पुन्हा धुण्याची वेळ येते. हे काम पैसे घेऊन करणारी माणसं कष्टाळू असतात, पण त्यांना नीट सांगायला हवं की काय करायचं आणि काय नाही.

नळाच्या पाण्यात क्लोरीन असतो. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात तो लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम शिल्लक असावा लागतो. पाण्यातले रोगजंतू आपल्या पोटात जाऊ नयेत यासाठी ते योग्यच आहे, पण तोच क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना आणि फिल्टरमधल्या जिवाणूंना इजा करतो. म्हणून स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्याच्या बादलीत. दोन-चारदा दाबून गाळ सोडवायचा आणि परत ठेवायचा. तो तपकिरी राहिला तरी चालतो, राहायलाच हवा. प्रवाह कमी झालेला दिसला की धुवावा, तारीख बघून नाही. दोन स्पंज असतील तर एका वेळी एकच. हँग-ऑन फिल्टरच्या कार्ट्रिज दर महिन्याला बदला असं पाकिटावर लिहिलेलं असतं. त्याऐवजी त्या जागी कापलेला स्पंज बसवावा, तो वर्षानुवर्षं टिकतो. टाकीत हात घालण्याआधी सगळी बटणं बंद करणं हे सांगायला नको, तरी सांगतो.

भरायचं ताजं पाणी उघड्या बादलीत एक दिवस ठेवलं तर क्लोरीन उडून जातो. घाई असेल तर दुकानातलं अँटी-क्लोरीन वापरावं. त्यात बहुतेक वेळा सोडियम थायोसल्फेट असतं, जे क्लोरीनला तत्काळ निष्प्रभ करतं.

आणि किती पाणी बदलायचं? फिल्टर कितीही उत्तम असला तरी त्याचं काम नायट्रेटपाशी थांबतं. नायट्रेट अमोनियाइतकं विषारी नाही, पण साचत जातं. नायट्रोजनला जोडलेल्या प्राणवायूचं वजनही धरलं तर आपल्या टाकीत रोज लिटरमागे ३.३ मिलिग्रॅम, म्हणजे आठवड्याला २३. दर आठवड्याला पाव टाकी बदलली तर काही महिन्यांत हे प्रमाण पाणी बदलायच्या दिवशी ९२ मिलिग्रॅमवर जाऊन स्थिरावतं. अर्धी टाकी बदलली तर ४६ वर. तुलनेसाठी, माणसाच्या पिण्याच्या पाण्यात आपलं मानक ४५ पर्यंत मुभा देतं. पाव टाकीचा प्रचलित सल्ला कमी माशांच्या, झाडांनी भरलेल्या टाकीसाठी ठीक आहे, दोन गोल्डफिशांसाठी अपुरा. मनी प्लांटची फांदी टाकीच्या काठावर अशी अडकवा की मुळं पाण्यात आणि पानं हवेत राहतील. तिला कार्बन डायऑक्साइड हवेतून मुबलक मिळतो, म्हणून ती झपाट्याने वाढते आणि अमोनियम व नायट्रेट दोन्ही ओढून घेते. हायड्रिला, व्हॅलिस्नेरिया याही चांगल्या.

नव्या टाकीला विरजण

नव्या फिल्टरमध्ये जिवाणू पुरेसे होईपर्यंत चार ते सहा आठवडे जातात. पहिल्या टप्प्यात अमोनिया चढतो, तो उतरू लागला की नायट्राइट चढतं, मग तेही उतरतं. हा काळ माशांच्या जिवावर काढण्याची गरज नाही. ओळखीतल्या निरोगी, जुन्या टाकीच्या फिल्टरमधला स्पंजचा तुकडा मागून आणा आणि नव्या फिल्टरमध्ये ठेवा. विरजण लावलं की दही लवकर लागतं तसंच हे. आणताना तो टाकीच्याच पाण्यात ओला ठेवा, आणि ज्या टाकीत मासे आजारी आहेत तिथून आणू नका. तुकडा मिळाला नाही तर मासे न सोडता रोज चिमूटभर दाणे टाका, ते कुजून अमोनिया देतात आणि जिवाणू त्यावर वाढतात. टेस्ट ट्यूबमध्ये थेंब टाकून रंग बघायचे संच मिळतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आणि नायट्रेट वाढलेलं दिसलं की टाकी तयार. मग मासेही एकदम दहा नकोत, दोन-तीन सोडून आठवडा थांबावं, कारण जिवाणूंची संख्या मिळणाऱ्या अमोनियाइतकीच असते.

बाटलीतले जिवाणूही विकत मिळतात. काही उपयोगी पडतात, काही पडत नाहीत, कारण बाटलीत नेमके कोणते जिवाणू आहेत आणि उन्हातान्हातल्या प्रवासात ते जिवंत राहिले का, हे वरून कळत नाही. संचाने तपासल्याशिवाय त्यांच्या भरवशावर मासे सोडू नयेत.

वीज गेल्यावर आणि गावी जाताना

वीज गेली की फिल्टरमधले जिवाणू लगेच मरत नाहीत, पण त्यांचा प्राणवायू संपू लागतो. टाकीत बुडालेल्या स्पंजला आजूबाजूच्या पाण्यातून थोडाफार मिळत राहतो. बंद कॅनिस्टरमध्ये मात्र काही तासांत प्राणवायू संपून कुजण्याची प्रक्रिया सुरू होते. वीज चार-पाच तासांहून जास्त गेली असेल तर कॅनिस्टर तसाच सुरू करू नका. आतलं दुर्गंधीयुक्त पाणी ओतून द्या, स्पंज टाकीच्या पाण्यात धुवा, मग लावा. लोडशेडिंगच्या गावात एअर पंप इन्व्हर्टरच्या जोडणीवर घ्यावा, एवढ्याशा विजेचा बॅटरीवर भार पडत नाही. सेलवर चालणारे छोटे पंपही मिळतात. दोन्ही नसेल तर मगने टाकीतलंच पाणी काढून थोड्या उंचीवरून परत ओतत राहावं, आणि त्या दिवशी खाद्य अजिबात देऊ नये.

सुट्टीत गावी जाताना वीज वाचवायला फिल्टर बंद करून जाणारे आणि जाताना मूठभर दाणे टाकून जाणारे, दोघेही परत येतात तेव्हा पाणी पांढरट आणि मासे तरंगत असतात. धडधाकट मोठे मासे आठवडाभर उपाशी सहज राहतात, आणि त्या काळात अमोनियाही कमी निघतो. जाण्याच्या दोन-तीन दिवस आधी पाणी बदला, फिल्टर चालू ठेवा, दिव्याला टायमर लावा. आठवड्याहून जास्त दिवस जायचं असेल तर शेजारच्या काकूंकडे दाण्यांच्या मोजलेल्या पुड्या द्या, दोन दिवसाआड एक पुडी, आणि बाकीचा डबा कपाटात ठेवून जा.